साळूची गोधडी

करवंदीच्या जाळीखालच्या एका बिळात एक उंदरीण राहत असे. नवरा, सासू आणि सात पिल्लं असा तिचा भरला संसार. मुलांनो, उंदरांच्या घरात एखादी चिंधी शाबूत राखणं म्हणजे काही खायचं काम नाही! पण ही उंदरीण बुजगावण्याच्या फाटक्या सदऱ्यातून चिंध्या आणी आणि न कुरतडता शिवत बसे. सुई म्हणून तिला शेजारच्या कपारीतल्या म्हाताऱ्या साळूने आपला एक काटा दिला होता. एका पावसाळ्यात बिळात पाणी भरलं, तेव्हा याच साळूने तिला अख्ख्या घरादारासकट महिनाभर ठेवून घेतलं. निघताना उंदरीण म्हणाली होती, "साळूमावशी, थंडीच्या आत तुला गोधडी शिवून देते."

त्यावर तीन थंड्या उलटल्या. उंदरणीने गोधडी मांडीवर घेतली, की कुणीतरी हाक मारायचंच. "आई, यानं माझी शेपटी ओढली!" "सूनबाई, दाणे निवडायचे राहिलेत." "अगं, माझी भाकरी?" जेमतेम चार टाके पडत, की गोधडी परत कोनाड्यात. एकदा तर पिल्लांनीच तिचा काठ कुरतडला. शेजारची चिचुंद्री हसून म्हणे, "साळूला कसली गोधडी? पाठीवर घेतली की काट्यांनी चाळणी होईल. सोड तो नाद."

चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी कावळा सांगत आला, "साळू पार गारठलीय. थंडगार दगडावर पडून आहे, अन्नाला तोंड लावत नाही." आधी उंदरणीला स्वतःचा राग आला, मग घरादाराचा. गोधडी, काटा आणि दोरा घेऊन तिने बिळाच्या तोंडाशी ठाण मांडलं. "शेवटचा टाका पडेपर्यंत मी इथून हलणार नाही!"

"आणि भाकरी कोण करणार?" नवऱ्याने विचारलं.

"ज्याला भूक लागलीय तो."

"अगंबाई! घरच्यांपेक्षा ती साळू मोठी झाली का?" सासू कडाडली.

"सासूबाई, बिळात पाणी भरलं तेव्हा तुम्हीही तिच्याच कपारीत झोपला होतात."

सासू दाणे निवडायला बसली. नवऱ्याने भाकरी थापली, ती करपली, पिल्लांनी तीच खाल्ली. कुणी मेलं नाही. मजा बघायला चिचुंद्री आली, तशी उंदरीण मान वर न करता म्हणाली, "काटे पाठीला आहेत, पोटाला आहेत का? ही पांघरायची नाही, अंथरायची गोधडी आहे. हो बाजूला, माझा उजेड अडतोय."

दुपार कलली तेव्हा शेवटचा टाका पडला. उंदरणीने दोरा दातांनी तोडला आणि गोधडी ओढत ओढत कपारीत नेली. साळूने कसेबसे डोळे उघडले. "आता कशाला गं? तीन थंड्या मी अशाच काढल्या."

"काढल्यास. चूक माझी आहे, मावशी. पण चौथी नाही काढायची. सरक!"

साळू कुरकुरत सरकली. पोटाखाली ऊब लागली, तसे तिने आखडलेले पाय हळूहळू सैल सोडले. मग म्हणाली, "काही खायला आणलंस का गं?"

तात्पर्य : घरची कामं संपायची वाट पाहणाऱ्याचा शब्द कधीच पुरा होत नाही. उशीर झाला म्हणून लाजून बसू नये; ठाण मांडावं आणि दिलेला शब्द पुरा करावा.