मिशीला मिशी

जंगल संपून शेतं लागतात तिथे, पाटाच्या कडेला, एका बाभळीच्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ नांदत होतं. वरून पाहिलं तर मूठभर मातीचा ढीग, पण आत केवढा संसार! दाण्यांच्या खोल्या वेगळ्या, राणीची खोली वेगळी, आणि खाली उबेच्या जागी अंड्यांची खोली. राणीला सगळ्या आईसाहेब म्हणत. पोरांनो, मुंग्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. समोरून दुसरी आली की दोघी क्षणभर थांबतात, कपाळावरच्या मिशीला मिशी लावतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. तो नुसता रामराम नव्हे. मुंगीचं सगळं बोलणं त्या मिशीतूनच चालतं. दाणा कुठे सापडला, वाट कुठे बुजली, कोण कुणावर रुसलंय, सगळं. मिशी लागली नाही, तर पुढ्यात उभी असलेली मुंगीसुद्धा मुकीच.

अंड्यांच्या खोलीत एक दाई मुंगी होती. अंडी चाटून स्वच्छ ठेवायची, ऊब कमी झाली की हलवायची, हे तिचं काम. तिची जिवाभावाची मैत्रीण दाणे वाहायची. मैत्रिणीचा एक पाय जन्मापासून आखूड होता, म्हणून वारुळात तिला लंगडी म्हणत. म्हणोत बापडे. आपण तिला बारकी म्हणू. बारकी रोज संध्याकाळी खाली उतरे आणि दाईच्या मिशीला मिशी लावून बाहेरच्या गमती सांगे.

"अगं, आज एक गोगलगाय आमच्या वाटेवर आडवी पडलीय. आम्ही वळसा घालून गेलो, दाणे घेऊन परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो, तरी बाईंचं कूस बदलणं चालूच आहे!"

दाईचा सगळा जन्म अंधारात. ऊन कसं असतं, हे तिला ठाऊक होतं ते बारकीच्या मिशीतून.

रांगेवर एक मुकादम होता, मोठ्या डोक्याचा मुंगळा. कामाला चोख. त्याच्या धाकाने दाण्यांच्या खोल्या भरत, म्हणून त्याला कुणी काही बोलत नसे. "सरक लंगडे, तुझ्यामागे चालून रांग म्हातारी झाली!" असं तो म्हणे, आणि ते हसू मिशीमिशीतून फिरत खाली अंड्यांच्या खोलीपर्यंत येई. दाईही एकदा हसली होती. थट्टाच तर होती! मग तो बारकीच्या पाठीवरचा दाणा मुद्दाम पाडू लागला. ती वाकून उचलायला लागली की म्हणे, "गंमत केली गं, एवढं काय तोंड पाडतेस?" पुढे पुढे तिने आणलेला दाणा तो स्वतःच्या ढिगावर टाकू लागला. बारकीने पुष्कळ गिळलं. मग एके दिवशी भर रांगेत ती थांबली.

"मुकादम, तो दाणा मी आणलाय. आणि माझा पाय मला चालायला दिलाय, तुम्हाला हसायला नाही."

एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, पाहता पाहता हे सगळ्या रांगेला कळलं. मुकादम चिडला नाही. चिडला असता तर बरं होतं. तो शांतपणे म्हणाला, "आजपासून हिने तळातलं भुयार उपसायचं. एकटीने. आणि हिच्या मिशीला कुणी मिशी लावायची नाही. लावेल ती हिच्या सोबतीला जाईल."

बारकी आईसाहेबांकडे गाऱ्हाणं घेऊन निघाली. पण त्या वारुळाची रीत अशी, की आईसाहेबांपर्यंत कुणाचाही निरोप मुकादमानेच पोचवायचा. त्याच्याच विरुद्धचं गाऱ्हाणं, आणि ते सांगायचंही त्यालाच! असल्या रितीला आग लावावी. मुकादमाने तेवढ्यापुरती मिशी पुढे केली, सगळं ऐकून घेतलं, आत गेला आणि आईसाहेबांना म्हणाला, "सगळं व्यवस्थित चाललंय." बाहेर येऊन बारकीला म्हणाला, "आईसाहेब म्हणतात, ज्याने त्याने आपलं काम करावं."

त्या संध्याकाळी बारकी मिशा पुढे करून दाईसमोर उभी राहिली. दाईने तोंड फिरवलं आणि आधीच चाटून लख्ख झालेलं अंडं पुन्हा चाटायला घेतलं. 'मला तळात धाडलं, तर या अंड्यांकडे कोण बघेल?' तिने स्वतःला समजावलं. 'हे जरा निवळू दे. मग लावू.'

शेजारची दाई तिला म्हणाली, "बरं केलंस. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"पण ती माझी मैत्रीण आहे गं."

"म्हणूनच सांगते. तुझ्यावर त्याची नजर आहे."

बारकी दुसऱ्या दिवशीही आली. मग नुसती दाराशी उभी राहून जाऊ लागली. मग येईनाशी झाली.

एका सकाळी पाटाला पाणी सुटलं. तळाच्या भुयारात बारकीच्या पायांना माती ओली लागली, भिंत फुगू लागली. ती धडपडत वर रांगेत आली. हिच्यापुढे मिशी कर, तिच्यापुढे कर. एकेक जण मान वळवून पुढे गेली.

"बघा बघा, लंगडी नाचायला लागली!" मुकादम म्हणाला. रांग हसली.

बारकी तशीच अंड्यांच्या खोलीत शिरली. अंगभर चिखल, मिशा पुढे केलेल्या. मागोमाग मुकादमाचं मोठं डोकं दारात आलं. दाईला वाटलं, बिचारी दुःख सांगायला आली असेल. तिने दाराकडे पाहिलं आणि आपल्या मिशा मागे घेतल्या. बारकीने एक अंडं तोंडात उचललं आणि ती वरच्या वाटेला लागली. दाई धावली. तिने ते अंडं हिसकावून जागच्या जागी ठेवलं. बारकी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि पुन्हा खाली गेली.

थोड्या वेळाने अंड्यांच्या खोलीतली माती पायाला गार लागली. तेव्हा दाईला तो चिखल कळला, ते उचललेलं अंडं कळलं. मग एकच धावपळ उडाली. तोंडात मावतील तेवढी अंडी वर नेली. बाकीची डोळ्यांदेखत पाण्यावर तरंगत गेली.

पाटाचं पाणी बंद झाल्यावर दाई तळात उतरली. भिंतीला पडलेल्या भोकात कुणीतरी माती कोंबली होती. जिथे माती पुरली नव्हती, तिथे बारकी स्वतः अंग कोंबून बसली होती. सगळे पाय भिंतीला रोवलेले, आखूड पायसुद्धा. तिने अडवून धरलं, म्हणून पाणी सावकाश चढलं होतं. दाईने तिच्या मिशीला मिशी लावली. पलीकडून काहीच आलं नाही.

मग दाई निघाली ती थेट आईसाहेबांच्या खोलीकडे. मुकादम आडवा आला, "काय निरोप आहे?"

"तुझ्यापाशी द्यायचा नाही. बाजूला हो."

ती आत शिरली, आणि मागोमाग मुकादम आणि सगळी रांग दारात आली. आईसाहेबांनी दाईचं सगळं ऐकलं आणि त्या हबकून म्हणाल्या, "अगं, मला कुणी आधी सांगितलं कसं नाही?"

"सांगायला ती आली होती, आईसाहेब. पण तुम्ही दार एकच ठेवलंत, आणि त्या दारावर यालाच बसवलंत."

आईसाहेब मुकादमाकडे वळल्या. मुकादम म्हणाला, "मी तर थट्टा करत होतो. सगळ्याच हसत होत्या." हे मात्र खरं होतं. रांगेतल्या एकीलाही मान वर करता येईना. दाईलाही नाही.

मुकादमाची मुकादमी गेली, तळाची माती त्याच्या वाट्याला आली. आईसाहेबांच्या दारावरचा पहारा उठला. ज्या मुंगीला गाऱ्हाणं असेल तिने सरळ आत जावं, असं ठरलं. कुणाच्या हुकमाने कुणाला मिशी लावणं बंद करायचं नाही, असंही ठरलं. चांगलंच ठरलं. पण बारकी गेल्यावर ठरलं.

दाई अजून अंडी सांभाळते. संध्याकाळ झाली की खोलीच्या दाराशी येते आणि मिशा पुढे करून उभी राहते. येणारी-जाणारी प्रत्येक जण थांबते, मिशी लावते, दाण्याची आणि वाटेची खबर देते. ती गोगलगाय शेवटी वाटेवरून उठली की नाही, हे मात्र दाईला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तात्पर्य : छळणारा एकटाच असतो, त्याचे हात बळकट करतात ते हसणारे आणि तोंड फिरवणारे. म्हणून पहिल्या टोमण्यालाच अडवा, गाऱ्हाणं ऐकायला छळणाऱ्यालाच बसवू नका, आणि एकट्या पडलेल्याला आजच जवळ करा.