सांगवणीच्या पागेतील साथ

श्रीअमृतनाथ महाराज त्या वर्षी सांगवणी गावी, ओढ्याकाठच्या शिवमंदिरात मुक्कामाला होते. गावात सरदार हैबतरावांची चाळीस घोड्यांची पागा होती. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार गेनबा महाराजांचे दर्शन घेतल्यावाचून तोंडात घास घालत नसे.

घोड्यांची जत्रा आठ दिवसांवर आली असता बाजारातून नवीन आणलेले एक तट्टू खोकू लागले. अंगात ताप, नाकातून पाणी. गेनबाने ते महाराजांच्या कानावर घातले. महाराज म्हणाले, "त्याला आजच ओढ्यापलीकडे ने. बादली, तोबरा, खरारा, सारे वेगळे ठेव. त्याला शिवलेल्या माणसाने दुसऱ्या घोड्याजवळ जायचे नाही. आणि यंदा जत्रेला एकही घोडे न्यायचे नाही."

गेनबाने हे पागेत येऊन सांगताच हैबतराव मोठ्याने हसले. "तुझे महाराज आता घोड्यांनाही सोवळे शिकवणार काय?"

"सरकार, हे पसरंल. आजच्या आज येगळं करू द्या."

"तू मोतद्दार आहेस, वैद्य नव्हेस. घोडी जत्रेला जातील!"

तट्टू पागेतच राहिले. सगळी घोडी एकाच हौदावर पाणी पीत होती. चौथ्या दिवशी एकवीस घोडी खोकत होती. सहाव्या दिवशी हैबतरावांची लाडकी घोडी चंद्रकळा खाली बसली, ती उठेना. हैबतरावांचे तोंड उतरले. गेनबा रडतच मंदिराकडे धावला.

महाराज पागेत आले. चंद्रकळेच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटून बसले. घटकाभराने घोडी अंग झाडून उभी राहिली आणि, काय ती लीला! महाराजांचे अंग तव्यासारखे तापले, त्यांना खोकला लागला. तशा स्थितीत त्यांनी सारी आजारी घोडी ओढ्यापलीकडे नेली आणि गेनबासह स्वतःही तिकडेच राहिले. इकडच्या घोड्यांना वेगळी माणसे, वेगळे पाणी दिले गेले. जत्रेचा बेत रद्द झाला.

पुढच्या दहा दिवसांत आणखी कोणतेही घोडे आजारी पडले नाही. एकही दगावले नाही.

हैबतराव अनवाणी ओढ्यावर आले. पाण्यात पाऊल टाकणार तोच पलीकडून महाराज म्हणाले, "तिथेच थांबा. तुम्हांला निरोगी घोड्यांत परत जायचे आहे. नमस्कार तिथूनही पोहोचतो."

हैबतरावांनी पागोटे उतरवले आणि ओल्या वाळूत डोके टेकवले. "महाराज, मी चुकलो. आता काय आज्ञा?"

"गेनबाचे ऐकत जा."

गेनबा तिकडे घोड्यांना गवत घालत होता. हैबतराव उठले, त्याच्याकडे वळले आणि पुन्हा वाकले.