सगुणा पालीची शेपटी

एक होतं जंगल. तिथे झाडं सोडली तर बाकी सगळं होतं. राजा होता, प्रधान होते आणि प्रधानांचे भाचे तर भरपूर होते.

त्या जंगलातल्या पडक्या देवळाच्या भिंतीवर सगुणा नावाची पाल राहायची. कुणी बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं, अशी साऱ्या प्राण्यांची श्रद्धा. सगुणाची श्रद्धा त्याहून कडक. खोट्याला चुकचुकलं तर भिंतोबा शेपटी काढून घेतो, असं आईने तिला बजावलं होतं. त्यामुळे शेपटी शाबूत होती आणि पोट खपाटीला गेलं होतं. देवळातल्या पणतीवर चिलटंसुद्धा नाखुशीने यायची.

एकदा घोरपडकाकू आल्या. त्या तरसराजाच्या भाषणप्रमुख.

"सगुणे, तू आपल्यातली म्हणून सांगते. दरबारात मोठा दिवा आहे. पतंग कसले येतात, लाडवाएवढे! महाराज बोलले की चुकचुकायचं, बस्स."

"खरं बोलले तर हो, काकू."

"अगं, राजा आहे तो. खोटं कशाला बोलेल?"

पहिल्या सभेत महाराज म्हणाले, "मी राजा आहे!" चुक चुक. "ही माझी खुर्ची आहे!" चुक चुक. टाळ्यांनी जंगल दणाणलं. सगुणा बघता बघता गुबगुबीत झाली.

मग निवडणूक लागली. महाराज गरजले, "बंधू-भगिनींनो, कोठार धान्याने गच्च भरलंय!"

कोठारात कालच भाचे लोळून, ढेकर देऊन गेले होते. सगुणाने ते छतावरून स्वतः पाहिलं होतं. सभा तिच्याकडे पाहू लागली. ती दिव्यावरच्या पतंगाकडे पाहू लागली. पतंग फारच गोड दिसत होता.

चुक चुक.

टप्पकन शेपटी गळून महाराजांच्या नाकावर पडली आणि वळवळू लागली. सगुणाला रडू फुटलं. पण काकू खमक्या. "पाहा! राज्यासाठी सगुणाताईंनी शेपटी वाहिली!"

शेपटीची पालखीतून मिरवणूक निघाली. महाराज निवडून आले. ससे पोराबाळांना घेऊन रिकाम्या कोठारापुढे रांगेत उभे राहिले, कारण पाल चुकचुकली होती.

सगुणाला पतंग कडू लागले. "भिंतोबा, पुन्हा नाही रे," म्हणत ती रोज भिंतीवर नाक घासायची. हळूहळू नवी शेपटी फुटली. देवाने माफ केलं! तिने आनंदाने काकूंना शेपटी दाखवली.

काकूंनी ती वितीने मोजली, "छान वाढली हो," म्हणाल्या आणि लगेच पुढची निवडणूक जाहीर केली.

ससे अजून रांगेतच होते, त्यामुळे मतदानाला त्यांना वेगळं बोलवावं लागलं नाही.