रबराची साक्ष

“सिमेंट सुखदेवनंच विकलं! झाकणाचं रबर गळतं म्हणता ना? मग त्या रबरानं येऊन माझ्या कानात सांगावं!” बापूसाहेब गौरकारांनी टेबलावर मूठ आपटली आणि पार्वताच्या नवऱ्याची, सुखदेवची नोकरी गेली.

बापूसाहेबांच्या गाड्या म्हणजे चाकांवरच्या लांबलचक टाक्या. कारखान्यात वरच्या झाकणातून सुटं सिमेंट भरायचं. गिऱ्हाइकाकडे पोचलं की टाकीत हवा दाबायची आणि तिच्या जोरावर सिमेंट पाइपातून त्याच्या कोठारात चढवायचं. झाकणाच्या कडेला गोल रबर बसवलेलं असतं. ते नीट असलं तर सगळं ठीक, नाहीतर हवाही जाते आणि मालही. सुखदेवच्या गाडीचा माल दोन खेपांना कमी भरला. रबर बिघडलंय, हे तो कधीपासून सांगत होता. पण ते रबर पुरवलं होतं बापूसाहेबांचे मेहुणे प्रभाकरराव यांनी. मेहुण्याचं रबर खोटं कसं असेल? त्यापेक्षा ड्रायव्हर चोर असणं कितीतरी सोयीचं!

पार्वता त्याच आवारात गाड्या धुवायची. खबर कळली तशी हातातला पाइप टाकून ती ओल्या पायांनीच ऑफिसात शिरली. आत सुखदेव मान खाली घालून उभा होता. चोर म्हटल्यावर माणूस एवढासा कसा होतो, ते तिनं पाहिलं.

“मालक, रबरानं सांगितलं तर ऐकाल ना जी?”

“ऐकेन! पण रबरानंच सांगायचं. तू नाही, तुझ्या नवऱ्यानं नाही. संध्याकाळपर्यंत बोललं नाही, तर हा चौकीत!”

शेजारच्या खुर्चीतले प्रभाकरराव फिदीफिदी हसले. “काय गं, मराठीत बोलेल ना रबर? की हिंदीत?”

“तुम्हीच आणलं ना जी? मग तुमचीच भाषा बोलन!”

बापूसाहेबांना असले तमाशे फार आवडत. पांढराशुभ्र सदरा सावरत ते आवारात आले. सुखदेवची गाडी भरून उभी होती. भोवती ड्रायव्हर जमले. पार्वतानं मालकांना शिडीवरून टाकीवर चढवलं आणि त्यांच्यापुढे धुळीचा चष्मा धरला.

“हा कशाला?”

“साक्षीदार म्हातारा हाये मालक. बोलताना थुंकी उडते.”

खाली खसखस पिकली. बापूसाहेबांनी चष्मा चढवला, झाकणाशी बसले आणि तोऱ्यात म्हणाले, “हं, बोल बाबा!” पार्वतानं खाली खूण केली. हवा सुरू झाली, अगदी थोडीच.

आधी नुसतं सूंऽऽ झालं. बापूसाहेब म्हणाले, “ही तर कुजबुज!”

“मग जरा जवळ व्हा ना जी.”

ते वाकले. तेवढ्यात झाकणाच्या कडेतून फुस्सकन सिमेंटचा लोट उठला! लोट विरला तेव्हा टाकीवर एक राखाडी पुतळा बसला होता. मिशा राखाडी, सदरा राखाडी. चष्मा काढला तेव्हा डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं उरली. ड्रायव्हरांनी तोंडात रुमाल कोंबले.

“हवा बंद करा! कोणी केलं हे?” पुतळा गरजला.

“मी तर तोंडही नाही उघडलं मालक. साक्ष झाली. ऐकू आली ना?”

“मला काही ऐकू आलं नाही!”

“तुम्हाले नसन आली. सदऱ्याले आली!”

“पण रबर असंच असतं!” खालून प्रभाकरराव ओरडले. “हवा भरली की कोणतंही रबर बोलतं!”

टाकीतली हवा पूर्ण सोडल्यावर पार्वतानं झाकण उघडलं आणि ते रबर उपसून काढलं. बोटांनी दाबलं, तर दबलेलं वर येईना. वाकवलं, तर कडकन चीर गेली. मग शेजारच्या नव्या गाडीच्या पेटीतून गाडीसोबत आलेलं जादा रबर तिनं मागवलं. दाबलं की ते टुणकन वर यायचं. खाचेत थापून बसलेलं जुनं सिमेंट तिनं खरवडून काढलं, खाच पुसली, रबर न ताणता सगळीकडून सारखं बसवलं आणि झाकणाचे कान, म्हणजे कडेच्या पकडी, आवळले. पुन्हा हवा सुरू झाली, या वेळी पुरेपूर. कडेवर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा आला नाही!

बापूसाहेबांनी कान लावला. मिशांतून सिमेंट गळलं. “हे का बोलत नाही?”

“चांगलं रबर मुकं असते जी. तोंड बंद ठेवणं हेच तर त्याचं काम!”

“मग माझ्या मेहुण्याच्या रबरात काय कमी होतं?”

सुखदेवनं खालून डोळ्यांनी विनवलं, गप बस. पार्वतानं पदर खोचला.

“रबर झाकणाच्या मापाचं निवडावं लागते मालक. तुम्ही नात्याच्या मापाचं निवडलं!”

बापूसाहेबांनी डोळे वटारले. मग मिशी थरथरली, पोट हललं आणि ते असे गदगदून हसले की अंगावरचं सिमेंट खाली उभ्या प्रभाकररावांच्या डोक्यावर पडलं.

“बाई, जिंकलीस! आजपासून सगळ्या गाड्यांची रबरं तू निवडायची, तूच बदलायला लावायची. पगार दुप्पट! अजून काय हवं?”

“ड्रायव्हरांवर ओरडायला तुमचा भोंगा हाये ना जी? त्याच्यावरून एकदा सांगा, सुखदेव चोर नाही म्हणून.”

बापूसाहेब तसेच, राखाडीच्या राखाडी, भोंग्यासमोर उभे राहिले. “ऐका रे सगळे!” त्यांचा आवाज फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. “सुखदेव चोर नाही! त्याची गाडी तोच चालवणार! आणि प्रभाकरराव, पळू नका! सगळ्या गाड्यांची झाकणं खरवडायला तुम्हालाच बसायचंय!”