पाळण्याची दांडी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथं घडली त्या डोंगरी राज्याचं नावसुद्धा आज कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात गिरजा नावाची एक रंगारीण राहत असे. तिचा नवरा लाकडावर रंग चढवण्यात नावाजलेला होता. तो गेल्यावर त्याचे कुंचले गिरजेनं हाती घेतले. त्या वेळच्या राजानं त्याला दिलेला मानाचा ताम्रपट अजून तिच्या दारावर होता. लोक येता-जाता त्याला हात लावत आणि म्हणत, या घरचा रंग कधी उडत नाही.

राजाच्या घरी बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी कारभारी चार भोयांना घेऊन गिरजेच्या अंगणात आला. भोयांनी राजघराण्याचा जुना पाळणा आणला होता. दोन उभे खांब, त्यांवर आडवी दांडी आणि दांडीच्या कड्यांना टांगलेला पाळणा. याच पाळण्यात राजा स्वतः वाढला होता. तेव्हा तो गिरजेच्या नवऱ्यानंच रंगवला होता, आणि ताम्रपट त्याच कामाबद्दल मिळाला होता. आता त्या रंगाला पोपडे धरले होते.

बारशाला दहाच दिवस उरले होते. कारभाऱ्याचं म्हणणं असं, की जुन्यावरच रंगाचा नवा हात मारावा, म्हणजे दोन दिवसांत काम उरकेल. गिरजेनं मान हलवली.

"पोपड्यावर चढवलेला रंग पोपड्याबरोबरच गळतो, कारभारी. आधी सगळं लाकडापर्यंत खरवडावं लागेल. मग घासायचं, भेगा भरायच्या, आणि दर हातानंतर एक दिवस सुकू द्यायचं. दहा दिवस मला जेमतेम पुरतील."

"बारशाच्या दिवशी पाळणा तयार नसला, तर मला जाब द्यावा लागेल," कारभारी म्हणाला. "आणि मी तो तुमच्याकडे मागेन."

गिरजा कामाला लागली. बोथट सुरीनं तिनं जुना रंग सोलला. खरवताच्या खरबरीत पानांनी लाकूड घासलं, आधी ओलं, मग कोरडं. मान आखडली, बोटांची सालं निघाली. तीन दिवसांत खांब उघडे झाले. शिसवी लाकूड अजून दगडासारखं होतं.

चौथ्या दिवशी तिनं दांडी घेतली. मधल्या कडीपाशी सुरी घसरली आणि लाकडाऐवजी भेगा बुजवायची पांढरट लांबी निघाली. पाळण्याचं सगळ्यात जास्त वजन याच कडीवर येई. गिरजेनं दाभण टोचून पाहिलं. दाभण बोटभर आत गेलं आणि बाहेर येताना पिठासारखा भुसा घेऊन आलं.

तिनं भुसा तळहातावर घेतला. लांबी कुणाची हे तिला विचारावं लागलं नाही. चिंचोक्याच्या खळीत पांढऱ्या मातीबरोबर चिमूटभर नीळ घालायची सवय एकाच माणसाला होती. म्हणजे तिच्या नवऱ्याला दांडीतली चीर दिसली होती. ती त्यानं बुजवली, वर रंग चढवला आणि कुणाला बोलला नाही. तेव्हा ती केसाएवढी असेल. पण झाकलेल्या चिरीत वाळवीनं घर केलं, आणि इतक्या वर्षांत दांडी आतून पोकळ होत गेली.

सांगावं, तर नवी दांडी घडवायला दिवस कुठून आणायचे? आणि नवऱ्याच्या नावाचं काय? तो तर आता उत्तर द्यायलाही नव्हता. गिरजेनं स्वतःला समजावलं, की इतकी वर्षं धरलीय, अजूनही धरेल. तिनं लांबी कालवली आणि चीर बुजवली. नीळ मात्र तिनं घातली नाही.

मग एक हात अस्तराचा दिला. तो सुकल्यावर घासला. लाल हिंगुळाचा एक हात, पुन्हा घासणं, वर दुसरा हात. शेवटी लाखेची झिलई. नवव्या दिवशी पाळणा असा झळकत होता, की कारभाऱ्याला दांडीत आपला चेहरा दिसला. तो प्रथमच हसला आणि भोई उद्या येतील म्हणाला. गिरजेला काही हसू आलं नाही. तिचे डोळे सारखे त्या कडीकडे जात होते, आणि गुळगुळीत रंगाखाली कुठं चीर आहे हे आता तिलाही शोधून सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोयांच्या आधी राजवाड्यातली दाई आली. पाळण्यात गादी नीट बसते का, ते बघायला राणीनं तिला धाडलं होतं. दाईनं मऊ गादी पसरली, कोपरे दाबले, तोंडभर कौतुक केलं. बोलता बोलता तिनं सांगितलं, की पोर अगदी फुलासारखी हलकी आहे. राणीसाहेबांना तिची इतकी काळजी, की त्या स्वतः पाळण्याला लागूनच जमिनीवर निजणार आहेत.

दांडी मोडली, तर मायलेकी दोघीही तिच्याखाली सापडणार होत्या. गिरजेनं गादी उचलून दाईच्या हातात परत दिली. सुरी घेतली आणि झळकत्या दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा ओढला. दाई किंचाळून मागं सरली. गिरजा थांबली नाही. लाख, हिंगूळ, अस्तर, सगळं तिनं कडीभोवती खरवडून काढलं. तेवढ्यात कारभारी भोयांसह अंगणात आला.

तिनं त्याला दाभण टोचून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं भोयांना फाटकाबाहेर उभं केलं आणि हळू आवाजात म्हणाला, की हे बुजवा, रंग लावा, अजून पाच वर्षं तरी दांडी धरेल. तोवर पोर पाळण्यातून उतरलेली असेल.

"ती आज नाही तुटणार, हे तुम्ही लिहून द्याल?" गिरजेनं विचारलं.

कारभारी म्हणाला, "तुमच्या घरधन्याचं नाव मातीत जाईल, बाई."

"ते भय मी सहा दिवस पोसलं," गिरजा म्हणाली. तिनं खुंट्या ठोकून काढल्या, दांडी मोकळी केली, खांद्यावर घेतली आणि भर रस्त्यातून राजवाड्याकडे चालू लागली. कारभारी मागून धावत आला, पण लोकांदेखत तिला अडवायची त्याची छाती झाली नाही.

दरबारात तिनं दांडी राजापुढे ठेवली आणि घडलं ते सांगितलं. राजा खाली उतरला. त्यानं दांडीची दोन टोकं धरून ती गुडघ्यावर दाबली. फार जोर लावावा लागला नाही. दांडी कडीपाशी मोडली आणि भुसा त्याच्या पायांवर सांडला.

"ही चीर पहिल्यांदा कुणी बुजवली?" राजानं विचारलं.

ठाऊक नाही, एवढं म्हणणं पुरलं असतं.

"माझ्या घरधन्यानं, महाराज. आणि दुसऱ्यांदा मी. सहा दिवसांपूर्वी."

राजानं मोडलेला तुकडा उचलला. याच दांडीखाली तो स्वतः निजला होता. तो म्हणाला, की ताम्रपट कामाबद्दल दिला होता आणि ते काम खोटं होतं. म्हणून तो परत घ्यावा लागेल. गिरजेनं मान खाली घातली. "पण पाळणा तुम्हीच रंगवायचा," तो पुढे म्हणाला. "घाई नाही."

बारसं ठरल्या दिवशीच झालं. राजकन्येला गोरगरिबांच्या लेकरांसारखं झोळीत घातलं, आणि राणीनं तिच्या कानात नाव सांगितलं. ताम्रपट काढल्यावर गिरजेच्या दारावर एक फिकट चौकोन उरला. काही दिवस लोकांनी तिच्याशी बोलणं टाळलं. त्या दिवसांत तिनं सुताराकडून नवी दांडी घडवून घेतली, एकेक वीत टोचून पाहिली, आणि दोन महिने लावून पाळणा रंगवला. त्या पाळण्यात राजकन्या वाढली, तिची लेकरं वाढली. रंगाला कुठं पोपडा धरला नाही. हळूहळू गावोगावचे लोक आपली लाकडी चीजवस्तू घेऊन गिरजेकडे येऊ लागले. ही बाई रंगाआधी लाकूड बघते आणि जे दिसेल ते तोंडावर सांगते, एवढंच ते एकमेकांना सांगत.

बोध: खोट झाकून चढवलेला रंग चार दिवस झळकतो; खोट उघडी करून, काढून टाकून मग चढवलेला रंगच टिकतो.