चरे पडलेला टॅब

तपासणीला आलेले विस्तार अधिकारी खराडेसाहेब आमच्या शाळेतले टॅब पाहून भडकलेच. काचांवर चरे, कोपरे झिजलेले! साहेबांनी शेजारच्या शाळेतून मुद्दाम आणलेला टॅब टेबलावर ठेवला.

"दोन वर्षं झाली, वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. याला म्हणतात जपणं! बाई, सरकारी वस्तूंची नासधूस केली म्हणून तुम्हाला आत्ता नोटीस देतो."

मुलं घाबरून कालिंदीबाईंकडे बघू लागली.

बाई म्हणाल्या, "जरूर द्या, साहेब. फक्त ती तुमच्या त्या टॅबवर लिहा."

साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. काही नाही. चार्जर लावला, दहा मिनिटं थांबले, पुन्हा दाबलं. काच काळी ती काळीच. कपाटात पडून पडून बॅटरी कधीच मेली होती.

बाईंनी आमचा चरे पडलेला टॅब पुढे सरकवला. तो झटकन सुरू झाला.

"आता यावर लिहा. कारण मात्र खरं घाला, साहेब: मुलांच्या हातात दिला, म्हणून चालू राहिला."

साहेबांनी चकचकीत टॅब पिशवीत कोंबला आणि गाडी शेजारच्या शाळेकडे वळवायला सांगितली.