बुधवारचं एक ताट

"मग बुधवारचं ते एक ताट गेलं कुठं?"

रंगोबा कोठारी विचारत होते. मोतीबिंदू काढायला लेकीकडे गेलेले, दीड महिन्यानं त्याच दिवशी मठात परतले होते. काळा चष्मा अजून उतरला नव्हता.

"काढून टाकलं," सुहास म्हणाला. "चूक होती ती."

सुहास शहरातली नोकरी सोडून मठाच्या बाबांचा शिष्य झालेला. पोरगा हुशार. पण हुशारी त्याच्या दोन पावलं पुढं चालायची.

मठात रोज दुपारी पंगत. ताटं किती मांडायची, तांदूळ किती भिजवायचा, हे कोठारी कॉम्प्युटरच्या शीटमध्ये काढायचे. म्हातारपणी शिकले, तेही एका बोटानं. बारा वर्षांत त्यांचा फॉर्म्युला गाठोड्यासारखा फुगला. एकादशी असेल तर, पूर आला तर, शाळेला सुट्टी असेल तर... एका 'तर'च्या पोटात दुसरा.

कोठाऱ्यांची पाठ वळली नि सुहासनं ते गाठोडं सोडलं. सगळ्याचा मॅक्रो लिहिला. एक बटण. दाबलं की आकडा हजर.

"अकरा अटी होत्या, बाबा," तो म्हणाला. "दहा ठेवल्या. अकरावीला कारणच नव्हतं. बुधवार असेल तर एक वाढवा. का? ते कुठंच लिहिलेलं नाही. दर बुधवारी एक ताट उरायचं. आता शीत उरत नाही."

बाबा खांबाला टेकून बसले होते.

"कोठाऱ्यांना विचारलंस?"

"ऑपरेशन झालेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा..."

"डोळ्याचं होतं रे ऑपरेशन, कानाचं नव्हे," कोठारी म्हणाले. "फोन उशाशीच होता."



"उरलेलं ताट जायचं कुठं?" बाबांनी विचारलं.

कोठाऱ्यांनी मान खाली घातली.

"मागच्या पायरीवर. मीच ठेवायचो, झाकून." ते म्हणाले. "नदीच्या पलीकडच्या काठावरनं एक बाई बुधवारी बाजाराला येते. नवरा अंथरुणाला खिळलेला. मठाचा नेम असा, की अन्न पंगतीत बसूनच खायचं, बाहेर न्यायचं नाही. तिनं मागितलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं. म्हणून मागायची वेळच येऊ दिली नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"नेम तुमचाच होता, बाबा."

बाबांनी डोळे मिटले...

मी तेव्हा मठात भाकऱ्या थापायला जायचे. तव्यावरची भाकरी तशीच टाकून पुढं झाले. सांगितलं, मी पाहिलं तिला. दोन बुधवार आली. पायरीकडं बघितलं, पदर सारखा केला नि गेली. मला वाटलं, पाणी प्यायला आली असेल. तिसऱ्या बुधवारपासनं दिसली नाही.

भाकरी करपल्याचा वास आला.

"नाव काय तिचं?" सुहासनं विचारलं. "गाव सांगा, कोठारीकाका. मी आत्ता निघतो."

"नाव विचारलं नाही."

"बारा वर्षांत?"

"विचारलं असतं तर दुसऱ्याच बुधवारी यायची थांबली असती रे."

पलीकडच्या काठाला सतरा वाड्या. अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या वाडीत नसतात?

सुहास उठला, कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. तिथनंच परत फिरला. बाबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, पोरासारखा.

"एका ओळीचं काम आहे, बाबा. अकरावी अट परत घालतो. आत्ताच्या आत्ता. घालू ना?"

बाबा नदीकडे बघत होते.

"घाल," ते म्हणाले. "आणि बुधवारी ताट तूच पायरीवर नेऊन ठेव... दिवस मावळला की तूच उचलून आण."